वाचकांचे सवाल: वीस टक्के इथेनॉल अन् आपल्या गाड्या

या खेपेला क्लच, बॅटरी, टायर सगळं बाजूला ठेवलंय, कारण आलेल्या मेसेजांत निम्म्याहून जास्त एकाच विषयावर आहेत, पेट्रोलमधलं इथेनॉल. कुणाचं अ‍ॅव्हरेज गेलं, कुणाचा फवारणीचा पंप जाम झाला, एकानं तर टायर लवकर झिजायलेत तेबी इथेनॉलमुळंच का असं विचारलंय (नाही हो, हवा चेक करा).

सुरुवातीला थोडक्यात हिशोब सांगून ठेवतो म्हणजे पुढं परत परत लिहायला नको. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल घालायचा कार्यक्रम २००३ ला काही राज्यांत सुरू झाला, बरीच वर्षं तो रखडतच चालला, मग २०२२ च्या जूनमध्ये देशभर दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्केवालं म्हणजे ई२० काही पंपांवर आलं अन् २०२५ मध्ये ते जवळपास सगळीकडंच झालं. म्हणजे वीस वर्षांत जे झालं नाही ते दोन-तीन वर्षांत झालं, अन् रस्त्यावरच्या गाड्या मात्र त्याच आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रोज चालणाऱ्या गाडीला इथेनॉलचा त्रास लोक सांगतात तितका नाही, अन् उभ्या राहणाऱ्या गाडीला, इंजिनला, डब्यात भरून ठेवलेल्या पेट्रोलला तो सरकार सांगतं त्याच्या कितीतरी पट जास्त आहे.

उदगीरहून एक शिक्षक विचारतात: सर, माझी २०१७ ची १२५ सीसी गाडी हाय. नवी होती तेव्हा साठचं अ‍ॅव्हरेज द्यायची, आता पंचेचाळीसवर आलीय. सकाळी चोक ओढल्याबिगर चालू होईना अन् मधीच गचके खायलीय. मिस्त्री म्हणतो हे सगळं इथेनॉलचं, याला काही इलाज नाही. खरंच नाही का?

गुरुजी, मिस्त्रीचं निम्मं खरं आहे अन् निम्मं त्याच्या सोयीचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं लिटरमागं एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळं वीस टक्के मिसळलं की अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच, यात वाद नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या अन् ई१० ला ट्यून केलेल्या गाड्यांत ई२० टाकलं तर चारचाकीचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के अन् दुचाकीचं तीन-चार टक्के घसरतं. आता साठाचे चार टक्के काढा, अडीच किलोमीटरसुद्धा होत नाहीत. म्हणजे साठची गाडी सत्तावन-अठ्ठावन्नवर यायला पाहिजे, पंचेचाळीसवर नाही, मधले बारा किलोमीटर दुसरंच कुणीतरी खातंय. एअर फिल्टर काढून उन्हात धरून बघा, आपल्याकडच्या धुळीत तो किती लवकर भरतो ते तुम्हाला सांगायला नको. मागचं चाक स्टँडवर उचलून हातानं फिरवा, ब्रेक धरून राहिला असेल तर लगेच कळतं. चेन, टायरची हवा, अन् कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब थेंब गळतंय का, हे सगळं बघितल्याशिवाय इथेनॉलवर खापर फोडू देऊ नका.

पण चोक अन् गचके, हे मात्र इथेनॉलचं असू शकतं. साधं पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, नुसत्या इथेनॉलला नऊच भाग लागते, अन् ई२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. तुमच्या गाडीचं कार्बोरेटर हे काही डोकं लावणारं यंत्र नाही, त्यात ठरलेल्या मापाची भोकं आहेत, तेवढीच हवा अन् तेवढंच पेट्रोल सोडणार, त्यामुळं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त अन् पेट्रोल कमी, अन् गाडी मिसिंग मारते. २०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाड्या बहुतेक इंजेक्शनवाल्या आहेत, त्यांच्या सायलेन्सरजवळचा सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून घेतो, म्हणून त्या तक्रार करत नाहीत. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, म्हणून थंडीच्या सकाळी पहिली किक वाया जाते.

इलाज आहे. कार्बोरेटर उघडून पायलट जेट (कमी वेगावर पेट्रोल सोडणारं बारीक भोक) साफ करून घ्या, हवेनं, तारेनं नाही, तारेनं भोक मोठं होतं अन् मग कायमची कटकट. मग मिक्श्चरचा स्क्रू इंजिन गरम असताना थोडा पेट्रोल वाढेल असा सेट करायला सांगा. आठ-दहा दिवस गाडी चालवून प्लग काढून बघा, टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर जमलं, पांढरं फटक असेल तर अजून पातळ चाललंय, अशा वेळी मेन जेट एक नंबर मोठं बसवतात, पण ते काम अंदाजानं नको, प्लग दाखवूनच करा.

अन् एक गोष्ट आजच करा. टाकीखालून कार्बोरेटरकडं जाणारी रबरी नळी दोन बोटांत चिमटून बघा. बोटाला काळं लागलं, नळी चिकट किंवा लिबलिबीत लागली, किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर ती आजच बदला. जुन्या रबराला इथेनॉल फुगवतं, मऊ करतं, अन् नळी इंजिनच्या वरच असते, गळालं तर कुठं गळणार ते बघा. पेट्रोलियम मंत्रालयानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुलासा करताना स्वतःच म्हटलंय की काही जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट, गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात. ते पार्ट स्वस्त असतात असंही म्हटलंय. स्वस्त असतीलही, पण त्याचे पैसे गाडीवालाच देणार ना.

भोकरदन तालुक्यातून एक शेतकरी: पाठीवरचा पेट्रोलवाला फवारणी पंप हाय, टू स्ट्रोक. कपाशीची फवारणी झाल्यावर दिवाळीच्या टायमाला ठेवून दिला. जुलैत काढला तर दोरी ओढू ओढू हात दुखायले पण चालू होईना. दुकानदार म्हणला कारबोरेटरचं किट गेलं. बदललं. आठ दिवसांत पुन्हा तेच. आता ग्रास कटरबी तसंच करायलंय.

भाऊ, हा सवाल या महिन्यात किमान डझनभर लोकांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खरा फटका इथं आहे, मोटारसायकलला नाही.

या छोट्या इंजिनांना ना सेन्सर ना कॉम्प्युटर. बऱ्याच पंपांत अन् ग्रास कटरांत कार्बोरेटरच्या आत कागदाएवढा पातळ पडदा असतो, डायफ्राम, तो वरखाली हलून पेट्रोल ओढतो. इथेनॉलवालं पेट्रोल त्यात महिनोन् महिने बसलं की पडदा कडक होतो किंवा आकसतो, पेट्रोल दाबायचा जो पारदर्शक फुगा असतो तो चिरतो, अन् टाकीतली बारीक नळी जिथं फिल्टरला अडकवलेली असते तिथंच लिबलिबीत होऊन तुटते. पेट्रोल हळूहळू उडून जातं अन् मागं पिवळसर चिकट राळ राहते, ती जेटच्या सुईएवढ्या भोकात बसते. कार्बोरेटर उघडलं की खाली ॲल्युमिनियमवर पांढरट-हिरवट बुरशीसारखं दिसतं ना, ती बुरशी नाही, ओल्या इथेनॉलनं धातू खाल्ल्याची खूण आहे.

तुमच्या दुकानदारानं किट बदललं पण टाकीतलं अन् डब्यातलं पेट्रोल बदललं का? मला वाटतं नाही. नव्या किटमध्ये तेच जुनं पेट्रोल घातलं तर आठ दिवसांत तेच होणार.

आता पाण्याचं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पावसाळ्यात डबा उघडा राहिला की मीठ जसं पाणी धरतं तसं. थोडं पाणी ते पोटात घेतं, काही दिसत नाही. पण प्रमाण वाढलं किंवा रात्री थंडी पडली की त्याची पाणी धरायची ताकद संपते अन् इथेनॉल पाण्याला घेऊन खाली बसतं, वर पेट्रोल राहतं. परभणीला डिसेंबरात पारा एक आकड्यावर येतो, भोकरदनच्या शेडात काय वेगळं असणार. टाकीची नळी तळातून पेट्रोल उचलते, म्हणजे इंजिनला आधी जातं ते पाणी अन् इथेनॉल. टू स्ट्रोकमध्ये याहून वाईट म्हणजे टू-टी ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये विरघळलेलं, खालच्या थरात ऑइलच नाही. इंजिन चुकून चालू झालं तर बिनऑइलचं चालणार, अन् पिस्टन धरणार. मग किट नाही, पिस्टन-सिलिंडरच बदलायची वेळ.

तर करायचं काय. डब्यातलं जुनं पेट्रोल एका पांढऱ्या काचेच्या बाटलीत ओता अन् पंधरा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला, किंवा सगळंच गढूळ दिसलं तर ते कशातच वापरायचं नाही. मोटारसायकलमध्ये टाकून संपवू म्हणाल तर तेही नको. टाकी, नळी, फिल्टर, फुगा सगळं नवं करा, इथेनॉलला टिकणारं मटेरियल मागा, दुकानात व्हायटॉन म्हणून विचारलं तर बऱ्याच जणांना कळतं. पेट्रोल लागेल तेवढंच आणा, पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात संपेल एवढं, अन् ऑइल मिसळलेलं तर त्याहूनही कमी. ऑइल फवारणी पंपाच्या कंपनीनं सांगितलंय तेवढंच, कुठं लिटरला वीस मिली असतं, कुठं चाळीस, फवारणी पंपावरचा स्टिकर बघा. काहीजण इथेनॉलच्या भीतीनं ऑइल वाढवतात, त्यानं उलट पेट्रोलचा वाटा कमी होतो, मिश्रण आणखी पातळ पडतं अन् प्लग काळा होतो.

अन् फवारणी संपली की टाकी पूर्ण रिकामी करा, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, फुगा दाबून उरलंसुरलं काढा अन् मगच पंप ठेवून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. हे केलं असतं तर जुलैत दोरी ओढायची वेळ आली नसती, पण हे पंप विकताना कुणी सांगत नाही, नुसतं फवारा किती लांब जातो तेवढं दाखवतात.

जिंतूरहून: ट्रॅक्टरमध्येबी इथेनॉल जायलंय का?

नाही. डिझेलमध्ये इथेनॉल घालत नाहीत. ट्रॅक्टर बंद पडला तर डिझेल फिल्टर, हवा धरणं, पाणी हे बघा.

परभणीहून एक वाचक: ऑगस्टमध्ये गावाजवळच्या पंपावर पेट्रोल टाकलं, दोन किलोमीटरवर गाडी बंद. माझ्याबरोबर अजून पाच-सहा जणांच्या बंद पडल्या. मेकॅनिकनं टाकी काढली तर तळाला पाणी. पंपवाला म्हणतो आम्ही भेसळ केली नाही, ते इथेनॉलमुळं होतं, सरकारला विचारा. आधीच आमच्याकडं पेट्रोल महाग, त्यात हे.

महागाचं तुमचं दुखणं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पेट्रोलचे भाव वाढले की परभणीचं नाव पहिलं बातमीत येतं. पण पंपवाला जे म्हणतो त्यात पाणी कुठं मुरतंय ते बघा.

इथेनॉल स्वतःहून पाणी तयार करत नाही. एकाच दिवशी एकाच पंपावरच्या पाच-सहा गाड्या बंद पडतात याचा अर्थ पाणी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत शिरलंय. पावसात मॅनहोलमधून, झाकणाच्या खराब गॅस्केटमधून, गंजलेल्या टाकीतून ते शिरतं. पूर्वी बिनइथेनॉल पेट्रोल होतं तेव्हा पाणी तळाला गप पडून राहायचं, पंपाची नळी त्याच्या वरून पेट्रोल उचलायची, त्यामुळं थोडंफार पाणी खपून जायचं. आता तेवढंच पाणी शिरलं तरी इथेनॉल त्याला धरतं, अन् खालचा थर एकदम जाड होतो, कारण त्यात पाण्याबरोबर इथेनॉलही येतं. दहा टक्केवालं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेऊ शकतं, वीस टक्केवालं त्याहून थोडं जास्त, पण त्याच्या पलीकडं गेलं की एकदम फुटतं. म्हणजे इथेनॉल आल्यामुळं पंपवाल्याची टाकी कोरडी ठेवायची जबाबदारी वाढलीय, कमी झाली नाही. ‘सरकारला विचारा’ म्हणून हात वर करता येत नाहीत.

पुढच्या वेळेस असं झालं तर पहिली गोष्ट, बिल. बिल नसेल तर सगळं तोंडी. दुसरी, टाकीतलं पेट्रोल पंपावरच, त्यांच्या माणसासमोर, पांढऱ्या बाटलीत काढा अन् मोबाइलवर शूट करा. तक्रारवही मागा, ती ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. डेन्सिटी (घनता) तपासून दाखवा म्हणा, पाच लिटरचं माप मागा, हे सगळं ग्राहकाच्या हक्काचं आहे. फिल्टर पेपरची टेस्टही मागता येते, पण तिच्यावर विसंबू नका, ती रॉकेलसारखी भेसळ डाग पाडून दाखवते, पाणी अन् इथेनॉल तिच्यात दिसत नाही. मग ऑइल कंपनीकडं लेखी तक्रार, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथंही नोंदवा. पाच-सहा जण मिळून गेलात तर टाकी साफ करायचा अन् फिल्टर-जेटचा खर्च तिथंच मिळायची शक्यता बरीच. एकटा माणूस गेला की त्याला येड्यात काढतात.

एक मात्र तपासून घ्या. गाडी दोन-चार दिवसांत वॉशिंग सेंटरवर धुतली होती का? प्रेशर गनचं पाणी टाकीच्या झाकणातून आत जातं, झाकणाजवळचं पाणी बाहेर जायचं भोक चिखलानं बुजलेलं असलं तर हमखास. एकट्याचीच गाडी बंद पडली असती तर मी आधी हाच सवाल विचारला असता.

छत्रपती संभाजीनगरहून एक ताई: कार सीएनजीची आहे, २०१९ ची. पेट्रोल फक्त चालू करायपुरतं लागतं, त्यामुळं टाकी एकदा भरली की सहा-सहा महिने तेच पेट्रोल असतं. परवा सीएनजी संपला अन् पेट्रोलवर टाकली तर गाडी ओढेचना.

ताई, सीएनजीवाल्या सगळ्यांनी हे वाचा, कारण पैसे वाचवायच्या नादात टाकीतलं पेट्रोल कुणाच्या ध्यानातच राहत नाही. सहा महिने जुनं ई२० म्हणजे त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग उडून गेलेला अन् ओलावा शिरलेला. गाडीचा पेट्रोल पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, इंजेक्टरची भोकं केसाएवढी, तिथं चिकटा बसला की गाडी ओढत नाही. म्हणून काहीजण टाकी रिकामीच ठेवतात, तेही चुकीचं, पेट्रोलनंच तो पंप थंड राहतो, कोरडा चालला तर जळतो. टाकी पाव ते अर्धी ठेवा, आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, अन् दीड-दोन महिन्यांत ते पेट्रोल संपून नवं येईल असं बघा. सध्याचं पेट्रोल मात्र काढून टाका अन् इंजेक्टर साफ करून घ्या.

लातूरहून: नॉर्मलऐवजी पावर पेट्रोल टाकलं तर इथेनॉलपासून सुटका होते का?

९५ ऑक्टेनच्या (ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोका न मारता जळायची पेट्रोलची ताकद) प्रीमियम पेट्रोलमध्येही इथेनॉल असतं. त्याचे जास्तीचे पैसे ऑक्टेनचे अन् इंजिन साफ ठेवणाऱ्या औषधाचे, इथेनॉल काढल्याचे नाहीत. तुमची गाडी साधी शंभर-सव्वाशे सीसी असेल तर त्या ऑक्टेनचा काही उपयोगही नाही. बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय प्रत्येक पंपावर ठेवा अशी याचिका सुप्रीम कोर्टात झाली होती, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली. म्हणजे आज पंपावर गेल्यावर निवड करायला आपल्या हातात फारसं काही नाही, अन् मला विचाराल तर लोकांचा खरा राग अ‍ॅव्हरेजपेक्षा यावर आहे, अन् तो रास्त आहे. बाहेर अमेरिकेत ई१० सर्रास असलं तरी बोटी, बागेतली मशिनं यांच्यासाठी बिनइथेनॉल पेट्रोल बऱ्याच ठिकाणी वेगळं विकत मिळतं. आपल्याकडं फवारणी पंपवाल्यासाठी तेवढं केलं असतं तरी बरं झालं असतं.

माजलगावहून एक ऊस उत्पादक: इथेनॉलमुळं कारखान्याला पैसा येतो, आमचं बिल निघतं. शहरातल्या लोकांना दोन किलोमीटर अ‍ॅव्हरेज कमी झालं तर एवढं काय पोटात दुखतं? अन् दुसरं, आमचं इथेनॉल स्वस्तात घेतात तर पेट्रोल स्वस्त का होईना?

दादा, पहिल्यांदा दुसरं सांगतो. इथेनॉल आता स्वस्त राहिलं नाही. २०२४-२५ च्या हंगामात सरकारनं ठरवलेले भाव बघा, सी-हेवी मळीच्या (साखर जवळपास सगळी काढून उरलेल्या) इथेनॉलला लिटरला ५७.९७ रुपये, बी-हेवीला (जिच्यात थोडी साखर शिल्लक असते) ६०.७३, थेट रसाच्या इथेनॉलला ६५.६१, अन् मक्याच्या इथेनॉलला ७१.८६. वाहतूक अन् जीएसटी धरून सरासरी ७१ रुपयांच्या वर पडतं असं मंत्रालयानंच सांगितलंय, अन् करांआधीच्या शुद्ध पेट्रोलपेक्षा ते महाग आहे म्हणून भाव कमी होत नाहीत असं त्यांचं उत्तर. हिशोब बरोबर आहे. पण लिटरमागं ऊर्जा कमी अन् भाव तोच, हा भुर्दंड गाडीवाल्याच्या खिशातून जातो हेही तितकंच बरोबर. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या बाइकवाल्याला तो अर्ध्या लिटरचा आहे, पंधराचं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या जुन्या कारवाल्याला चार लिटरचा.

कारखान्याचं बिल वेळेवर निघणं ही छोटी गोष्ट नाही, ज्यानं थकीत बिलासाठी कारखान्याच्या गेटवर दिवस काढलेत त्याला ती कळते, अन् देश आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो हेही खरं. पण मराठवाड्यात बसून आपणच हे बोलायचं नाही तर कोण बोलणार? नीती आयोगाच्याच त्या अहवालात लिहिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला साधारण २,८६० लिटर पाणी लागतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं हे आपण विसरलो नाही. २०२३ ला पाऊस कमी झाला तर ७ डिसेंबरला केंद्रानं रसापासून इथेनॉल करायला बंदीच घातली, कारखाने भर हंगामात अडकले, पुढं ती शिथिल झाली अन् २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठली. म्हणजे एका वर्षीच्या पावसावर सगळं घोडं अडतं.

अन् सोयाबीनवाल्या शेजाऱ्यालाही विचारा. मक्यापासून, तांदळापासून इथेनॉल केल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात, तो कोंबड्यांच्या खाद्यात सोयापेंडीच्या जागी स्वस्तात जायला लागला. सोयाबीनचा भाव पडायला बाकीही कारणं आहेत, खाद्यतेलाची आयात आहे, जगभरातलं उत्पादन आहे, पण हेही त्यातलं एक. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये असताना बाजारात काय भाव मिळाला ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सिल्लोड-कन्नडकडं मकेवाला खुश अन् औसा-निलंग्याकडं सोयाबीनवाला नाराज, दोघंही मराठवाड्यातलेच.

नांदेडहून एक कॉलेजकुमार: यूट्यूबवर दाखवतात की पेट्रोलमध्ये पाणी टाकून हलवायचं, इथेनॉल खाली बसतं, वरचं शुद्ध पेट्रोल काढून घ्यायचं. करू का?

नको. बघायला मजा येते हे खरं, शंभर मिलीच्या नळीत ऐंशी पेट्रोल अन् वीस पाणी घेऊन हलवलं तर खालचा थर वीसचा पस्तीस-छत्तीस होतो, तेवढं इथेनॉल त्यात आलं, एवढ्यापुरता प्रयोग कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर कर. पण टाकीभर पेट्रोल घरी बादलीत घेऊन हलवणं म्हणजे आगीशी खेळ, त्याची वाफ जमिनीलगत पसरते अन् पार लांबच्या ठिणगीनं पेटते. वरून जे पेट्रोल मिळेल त्यात थोडं पाणी राहणारच अन् इथेनॉल गेल्यानं ऑक्टेनही उतरलेलं, म्हणजे इंजिन ठोका मारणार. बाजारात बाटलीत मिळणाऱ्या ‘इथेनॉल ट्रीटमेंट’चंही सांगतो. चांगल्या कंपनीचं स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्ये टाकलं तर ते जास्त दिवस टिकतं, पण एकदा थर वेगळे झाले की कुठलंच औषध ते परत एक करत नाही.

धाराशिवहून: जुन्या गाडीत ई२० टाकल्यामुळं वॉरंटी अन् इन्शुरन्स जातो का?

ई२० टाकलं म्हणून इन्शुरन्स जात नाही, हा २०२५ च्या ऑगस्टमध्ये व्हायरल झालेला गैरसमज, मंत्रालयानं तेव्हाच खोडून काढलाय. वॉरंटीबद्दल वाहन कंपन्यांच्या संघटनेनंही ती पाळू असं म्हटलंय. पण जुन्या गाडीची वॉरंटी तशीही संपलेलीच असते, मग पाळायचं काय अन् न पाळायचं काय. गाडी २०२३ च्या एप्रिलनंतरची असेल तर तिचे रबर-प्लास्टिकचे पार्ट ई२० ला टिकणारे आहेत, अन् २०२५ च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांची इंजिनंही त्याला ट्यून केलेली आहेत. सेकंडहँड घ्यायला निघाला असाल तर टाकीच्या झाकणाजवळ ई२० चा स्टिकर आहे का बघा, नसेल तर भाव पाडायला तो मुद्दा चालतो.

हिंगोलीहून एक दुकानदार: लाइट गेली तर म्हणून छोटा पेट्रोल जनरेटर ठेवलाय. दोन-तीन महिन्यांत एखाद्या वेळेस लागतो. नेमकं लागतो तेव्हाच चालू होत नाही.

जनरेटरला टाकीखाली एक कॉक असतो. बंद करताना स्विचनं बंद करू नका, कॉक बंद करा अन् इंजिन आपोआप थांबू द्या, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल उरत नाही. वाटीच्या तळाला एक स्क्रू असतो, तो सैल करून उरलेलं दोन चमचे भांड्यात काढा, त्यातच पाणी अन् कचरा सापडतो. महिन्यातून एकदा फॅन, बल्ब लावून वीस मिनिटं चालवा, टाकीतलं पेट्रोल दोन महिन्यांच्या वर ठेवू नका, जास्तीचं झालं तर वेळेत काढून स्कूटरला टाका, तिथं ते दोन दिवसांत जळून जातं. अन् जनरेटर दुकानाच्या आत चालवत असाल तर ते आधी बंद करा, शटर अर्धं उघडं असलं तरी त्या धुरानं माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो, बाहेर ठेवा अन् वायर आत घ्या.